देव्हाऱ्याबाहेरची श्रद्धा

विनोदाने श्रद्धेला धक्का पोहोचतो आणि करमणुकीने माणूस उथळ होतो, ही दोन मते सध्या मोठ्या आत्मविश्वासाने मांडली जातात. पहिले मत बाळगणारे लोक एखाद्या नाटकातील प्रवेश, एखाद्या चित्रपटाचे नाव किंवा एखाद्या विनोदी नटाचे चार शब्द हाती धरून पोलीस ठाण्याची पायरी चढतात. दुसरे मत बाळगणारे इतके आक्रमक नसतात. ते शाळेच्या पारितोषिक वितरण समारंभात अध्यक्षस्थानावरून बोलतात आणि मुलांनी ‘हलकेफुलके’ वाचन सोडून ‘संस्कारक्षम’ वाचन करावे, चित्रपटांच्या नादी लागू नये, असा उपदेश करतात. या दोन मंडळींचा वरकरणी परस्परांशी संबंध नाही. किंबहुना दुसऱ्या गटातील पुष्कळांना पहिल्या गटाची दांडगाई मनापासून नापसंत असते. तथापि दोघांच्या बुडाशी समजूत एकच आहे. श्रद्धा ही देवघरात, मठात किंवा प्रवचनाच्या मंडपात सांभाळून ठेवण्याची वस्तू आहे. वाचनालयातून सात दिवसांच्या बोलीने आणलेले पुस्तक, रविवारचा चित्रपट आणि प्रहसन यांचा तिला स्पर्श झाला तर तो विटाळाचाच, असे दोघेही गृहीत धरून चालतात.

मराठी समाजाचा अनुभव या समजुतीच्या नेमका उलट आहे. येथे सामान्य माणसाला जगण्याचा अर्थ जितका पोथीतून सापडला, तितकाच तो पोथीबाहेरही सापडला. आणि ज्यांनी त्याला हसवले त्यांनीच पुष्कळदा त्याला हात जोडायलाही शिकवले. यासंबंधात आचार्य अत्रे यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९२५ साली ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध करून ‘केशवकुमारां’नी तत्कालीन कवींच्या हळवेपणाची आणि त्यांच्या शब्दांच्या लकबींची जी रेवडी उडवली, ती आजही ताजी वाटते. भावनेचे प्रदर्शन दिसले की अत्र्यांची लेखणी शिवशिवत असे. याच अत्र्यांनी अठ्ठावीस वर्षांनी, १९५३ साली, चित्रपटासाठी जे पुस्तक निवडले ते होते साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. म्हणजे मराठी वाचकाच्या डोळ्यांत सर्वांत अधिक वेळा पाणी आणणारे पुस्तक. देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक १९५४ पासून देण्यात येऊ लागले आणि त्यातील पहिलेच पदक या मराठी चित्रपटाला मिळाले. विडंबनकार अत्रे आणि ‘श्यामची आई’चे दिग्दर्शक अत्रे ही दोन निराळी माणसे होती असे समजण्याचे कारण नाही. कृत्रिम गहिवराची ज्याला चीड येते, त्यालाच खऱ्या गहिवराची किंमत कळते, एवढाच याचा अर्थ.

त्या पुस्तकाकडेही थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले गेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झाले. पुस्तकभर देव आहे, व्रते आहेत, स्नान-संध्या आहे. परंतु वाचकाच्या मनात राहतात ते प्रसंग देवघरातले नसून स्वयंपाकघरातले आणि अंगणातले आहेत. भाजीत मीठ घालायचे राहून जाते; वडील एका शब्दाने न बोलता ती भाजी जेवतात; आई पानावर बसते तेव्हा तिला चूक कळते आणि ती खजील होते. आंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलासाठी ती ओले लुगडे पसरते आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे त्याला समजावते. लाकडाची मोळी उचलता न येणाऱ्या महार म्हातारीला हात देण्यासाठी ती मुलाला पाठवते. यात तत्त्वज्ञान म्हणावे असे फारसे काही नाही. कोकणातील एका दरिद्री घरातील हा रोजचा व्यवहार आहे. पण याच व्यवहारातून श्रद्धेची घडण झालेला लेखक मे १९४७ मध्ये पंढरपुरास उपोषणाला बसला आणि विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले होईपर्यंत त्याने आपले प्राण पणाला लावले. ‘रडके पुस्तक’ म्हणून ‘श्यामची आई’ची हेटाळणी करणाऱ्या विद्वानांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे की, त्या काळी त्या मंदिराचे दार प्रौढ आणि भारदस्त ग्रंथांनी उघडले नव्हते.

चित्रपटाची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. या देशात चित्रपटाचा जन्मच एका चित्रपटाने जागवलेल्या भावनेतून झाला. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त सरकत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. दुसऱ्या खेपेस ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गेले. परक्या धर्माच्या कथेने आपल्या दैवतांची ओढ लागावी, यात त्यांना काही विसंगत वाटले नाही; त्यांच्या भावना दुखावल्या नाहीत, उलट त्या उचंबळून आल्या. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पुढे १९१७ साली ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके नावाच्या तरुणाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हे साळुंके फाळक्यांना सापडले ते एका उपाहारगृहात नोकरी करताना. काल चहाचे पेले उचलणारा पोऱ्या आज सीता झाला आहे, हे प्रेक्षकांतील कित्येकांना ठाऊकही असेल. तरी पडद्यावर प्रभू रामचंद्र दिसताच लोकांनी पायांतील वहाणा काढल्या आणि हात जोडले, असे त्या काळच्या आठवणी सांगतात. या लोकांना भाबडे म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. नट कोण आणि राम कोण हे त्यांना कळत नव्हते, असे मात्र नाही. रामलीलेत आणि दशावतारात शेजारच्या घरातला मुलगाच देव होतो, हे पाहत ते वाढले होते.

या परंपरेचा कळस म्हणजे प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’. १९३६ साली दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्री-भूमिका करून नावाजलेले नट. अशा नटाकडे तुकोबांची भूमिका सोपवावी की नाही, याविषयी त्या वेळी शंका घेतल्या गेल्या होत्या. चित्रपट लागल्यावर मात्र पागनीस म्हणजेच तुकाराम असे समीकरण होऊन बसले. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक गीत तर इतके एकरूप झाले की, भलेभले जाणकार ते तुकोबांच्या गाथेतलेच समजून चालले. आधुनिक काळातील एका गीतकाराची रचना लोकांनी गाथेच्या पंक्तीला बसवली, ही काही फसगत नव्हे. लोकांच्या कानाला तिच्यात तोच स्वर ऐकू आला.

परंतु हा चित्रपट मोठा झाला तो केवळ भक्तिरसाने नव्हे. त्याचा निम्मा जीव त्यातील हास्यात आहे. दुसऱ्याच्या अभंगांवर आपले नाव डकवू पाहणारा सालोमालो हा ढोंगाचा अर्क आहे आणि प्रेक्षक त्याला मनसोक्त हसतात. त्याहून महत्त्वाची आहे ती जिजाई. गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली ही जिजाई म्हैस धुते, पोरांचे पाहते, नवऱ्याला धारेवर धरते आणि नवऱ्याच्या देवालाही सोडत नाही. मूल आजारी पडते तेव्हा ती हातात पायतण घेऊन, मुलाला ओढत थेट देवळात शिरते आणि विठोबाला जाब विचारते. प्रेक्षक या प्रसंगी हसतात, आणि हसता हसता त्यांना जाणवते की देवाशी इतक्या हक्काने भांडणारी ही बाई नास्तिक नव्हे. गाभाऱ्यातील मूर्ती ऐकते आहे याविषयी तिची खात्री नवऱ्याइतकीच पक्की आहे. तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हाही ती घरच्याच कामात गुंतलेली असते. पोराबाळांच्या पोटाची काळजी वाहणाऱ्या बाईच्या संसाराला त्या दिग्दर्शकद्वयाने वैकुंठाइतकेच मानाचे स्थान दिले, म्हणूनच घरोघरच्या जिजाई तो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहू शकल्या.

आता प्रश्न असा की, देवाला वहाण दाखवणारी संतपत्नी आज नव्याने पडद्यावर आणली तर काय होईल? निर्मात्याने ती पटकथेतच गाळून टाकली असती, असे उत्तर बहुतेक चित्रपट व्यावसायिक देतील. १९३६ च्या प्रेक्षकांत माळकरी होते, कीर्तनकार होते, सोवळ्याने राहणारे होते. त्यांची श्रद्धा आजच्या तक्रारदारांपेक्षा कमी होती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील असे वाटत नाही. फरक श्रद्धेच्या प्रमाणात नसून तिच्या प्रकृतीत आहे. त्या पिढीच्या श्रद्धेला स्वतःच्या बळाचा भरवसा होता.

याचा अर्थ लोकांनी ज्यापुढे हात जोडले ते सर्व श्रेष्ठ, असा मुळीच नाही. ‘शोले’ आणि ‘दीवार’ ज्या वर्षी आले त्या १९७५ सालीच ‘जय संतोषी माँ’ नावाचा अल्प खर्चात काढलेला चित्रपट आला आणि त्याने यशाचे सारे आडाखे चुकवले. चित्रपटगृहाच्या दारात चपला काढून स्त्रिया आत जात, पडद्यावर पैसे आणि फुले उधळत, शुक्रवारचे व्रत धरत. कलाकृती म्हणून तो चित्रपट सामान्य होता आणि लोकप्रियतेने त्याचे सामान्यत्व झाकले जात नाही. पण समीक्षकांनी त्याची जी कुचेष्टा केली तिच्यात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. सासरी जावांचा जाच सोसणारी नायिका पाहून त्या स्त्रिया रडत होत्या त्या कोणासाठी? घरात जे बोलण्याची सोय नव्हती, ते अंधाऱ्या चित्रपटगृहात त्यांच्या वतीने कोणीतरी बोलत होते. चमत्कार हा त्या कथेतील सर्वांत कच्चा भाग. सासुरवास मात्र खरा होता.

विनोदाकडे वळले म्हणजे तर श्रद्धेचे तथाकथित रक्षक अधिकच अडचणीत येतात. पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, भावार्थ रामायण हाती घेतले. याच नाथांनी भारुडे रचली आणि विंचू चावलेला, गोंधळी, जोगवा मागणारी, वासुदेव, जोशी अशा सोंगांच्या तोंडून परमार्थ वदवला. सासरच्या एकेका माणसाचा काटा काढण्यासाठी भवानीला नवस बोलणारी त्यांची सून आजही जत्रेत हशा पिकवते. सासू, सासरा, नणंद अशी यादी वाढत जाते, ऐकणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसतात, आणि शेवटी ती सून एकटीच उरण्याची इच्छा करते तेव्हा जाणत्यांना कळते की ही नाती केवळ घरातली नाहीत. मनुष्याच्या जिवाला चिकटलेल्या विकारांची ही उजळणी चालली आहे. न जाणत्यांनाही निदान मनमुराद हसायला मिळते, आणि नाथांनी त्यातही कमीपणा मानलेला दिसत नाही. प्रकांड पंडिताने सोंगाड्याची भाषा उसनी घ्यावी यात त्या काळच्या शिष्टांना प्रतिष्ठेची हानी दिसली असेल. आज त्या शिष्टांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

गाडगे महाराजांनी हाच वारसा विसाव्या शतकात चालवला. डोक्यावर गाडग्याचे खापर, हातात खराटा, अंगात चिंध्यांची गोधडी. कीर्तन सुरू झाले म्हणजे श्रोत्यांना प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून त्यांची फजिती करायची, ही त्यांची पद्धत. कर्ज काढून केलेले सण, नवसाला कापलेले बकरे, दारूपायी गेलेली जमीन यांचा हिशेब ते हजारोंच्या समुदायासमोर मांडत, आणि लोक आपल्याच मूर्खपणाला पोट धरून हसत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र वारीच्या दिवसांत पंढरपूरचे रस्ते झाडण्यात धन्यता मानली. नोव्हेंबर १९५६ मध्ये, देह ठेवण्यापूर्वी काही आठवडे, मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले व ते ध्वनिमुद्रित होऊन राहिले आहे. (पोलीस ठाणे आणि धार्मिक विनोद यांचा संबंध तेव्हा असाही येत असे.) त्या ध्वनिमुद्रणात बाबांच्या खणखणीत प्रश्नांइतकाच श्रोत्यांचा प्रतिसाद ऐकण्यासारखा आहे.

‘श्यामची आई’ ही प्रत्येकाची आई नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. गावकुसाबाहेरच्या मुलाला त्या पुस्तकातील स्नान-संध्येत आपले घर कसे दिसावे? त्याला त्याचा अर्थ दुसरीकडे शोधावा लागला, आणि तोही त्याला पुष्कळदा करमणुकीच्या रूपातच भेटला. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या कलावंतांचे आंबेडकरी जलसे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तमाशाचा साचा घेऊन, त्यातील गण-गवळणीला फाटा देऊन, या जलसेकारांनी गिरण्यांच्या वस्तीत आणि खेड्यांतील चावड्यांवर नवा विचार नेला. नवससायास, पोथीनिष्ठा आणि सावकाराची भीती यांची त्यांतील विनोदी संवादांतून यथेच्छ टिंगल होई. पुढे १९५६ च्या धम्मदीक्षेने ज्या श्रद्धेला नाव आणि रूप दिले, तिची मशागत ढोलकीच्या तालावर आणि हशाच्या साथीने आधीच चालली होती. वामनदादा कर्डकांची गाणी ज्यांनी ऐकली, त्यांना श्रद्धा आणि करमणूक यांच्यामध्ये भिंत घालण्याचा खटाटोप हास्यास्पदच वाटेल.

शिक्षक आणि कारकून यांचा वर्ग हा मराठी विनोदाचा खरा आश्रयदाता. त्याच्या वाट्याला ना राजदरबार आला ना रणांगण. त्याच्या वाट्याला आले ते हजेरीपुस्तक, भाड्याची खोली आणि महिनाअखेर. चिं. वि. जोशी यांनी चिमणरावाच्या रूपाने या माणसाला साहित्यात आणले. बडोद्यात पाली भाषेचे अध्यापन करणारे आणि बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक असणारे चिं. वि. हे चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचे जनक आहेत, ही गोष्ट दुर्लक्षिली जाते. माणसाच्या तृष्णेचा आणि फजितीचा संबंध त्यांनी जातककथांतून जाणला होता, असे म्हटल्यास ती फार ओढाताण ठरू नये. चिमणराव प्रत्येक वेळी काहीतरी मिळवायला जातो आणि हात हलवत परत येतो. पण वाचकाला त्याचा तिरस्कार वाटत नाही, कारण त्या फजितीत वाचक स्वतःला ओळखतो. पु. ल. देशपांडे यांनी ‘असा मी असामी’मध्ये धोंडो भिकाजी जोशी या कारकुनाच्या तोंडी हेच आत्मकथन घातले. ‘व्यक्ती आणि वल्ली’तील चितळे मास्तर किंवा अंतू बर्वा वाचताना वाचक पहिल्या पानांवर हसतो आणि अखेरीस गप्प होतो. शिकवण्यापलीकडे काही न कमावलेला मास्तर आणि दारिद्र्याला तिरकसपणाचे कुंपण घालून बसलेला रत्नागिरीचा म्हातारा यांच्याविषयी वाटणाऱ्या आदराला श्रद्धा म्हणायचे नाही, तर दुसरा कोणता शब्द वापरायचा?

येथे एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे, कारण त्यावाचून हा सारा युक्तिवाद सध्याच्या बाजारू विनोदाची वकिली ठरेल. नाथांची सून, गाडगेबाबांचा श्रोता, चिमणराव, धोंडो भिकाजी या सर्वांच्या बाबतीत हसणारा माणूस हसण्याच्या कक्षेबाहेर राहत नाही. बाण फिरून त्याच्याच अंगावर येतो आणि त्याचा ताठा थोडा कमी होतो. श्रद्धेची पूर्वअट असेल तर ती हीच आहे. याउलट कोणाचा काळा रंग, कोणाची स्थूल शरीरयष्टी, पुरुषाने नेसलेले लुगडे, खेडुताची बोली यांवर जो विनोद आज घरोघरच्या पडद्यांवर आणि हातांतील भ्रमणध्वनीवर अहोरात्र ओतला जातो, त्यात हसणारा सुरक्षित असतो आणि दुबळा तेवढा भाजला जातो. अशा विनोदाविरुद्ध पोलीस ठाण्यावर मोर्चे निघाल्याचे क्वचितच ऐकिवात येते. देवांच्या वतीने चटकन दुखावणाऱ्या भावना माणसांच्या बाबतीत इतक्या निबर कशा, याचा खुलासा संबंधितांनी करायला हवा.

विनोदामुळे ज्यांचे खरोखर नुकसान होते असा एक वर्ग अर्थातच आहे, तो श्रद्धेचा व्यापार करणाऱ्यांचा. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ या १९६२ सालच्या नाटकात लखोबा लोखंडे अनेक सोंगे घेतो. त्यांतले एक राधेश्याम महाराजांचे आहे. प्रभाकर पणशीकरांना त्या वेषात पाहून खळखळून हसलेल्या कित्येक प्रेक्षकांना घरी परतताना आपल्या ओळखीचा एखादा महाराज आठवला असेल. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडले आणि त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना प्राणांचे मोल द्यावे लागले. रंगभूमीने बुवाबाजीवरचा निकाल त्याच्या अर्धशतक आधी जाहीर केला होता. उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’ने २०११ साली हाच धागा पुढे नेला. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान विभागून मिळवणाऱ्या या चित्रपटात गुरे राखणाऱ्या केशाला झाडाखाली दत्ताचे दर्शन होते. त्या दर्शनाची दिग्दर्शक थट्टा करत नाही. गावातील पुढारी त्या दर्शनाचे देऊळ, देवळाची बाजारपेठ आणि बाजारपेठेचे राजकारण करतात तेव्हा प्रेक्षक हसू लागतो; आणि ज्याला देव दिसला तो केशाच त्या गर्दीत परका होतो. श्रद्धा आणि तिची दुकानदारी यांतील फरक इतक्या स्वच्छपणे दाखवणारे प्रवचन अलीकडे कोणी दिल्याचे स्मरत नाही.

हे सर्व लक्षात घेता पारितोषिक समारंभातील उपदेशाचा फेरविचार व्हायला हवा. ‘संस्कारक्षम’ म्हणून निवडलेल्या पुस्तकांचे गठ्ठे शाळांच्या कपाटांत कुलूपबंद पडून असतात, कारण ती पुस्तके मुले मागत नाहीत. जी मागतात, ती वेळ वाया जाईल म्हणून दिली जात नाहीत. भारूड पाठ्यपुस्तकात येते ते शब्दार्थ आणि संदर्भासहित स्पष्टीकरणासाठी. ते सोंग काढून, हावभावांसह म्हणायचे असते, हे विद्यार्थ्याला कळण्याची सोय नसते. नाथांनी जे हसत शिकवले ते पाच गुणांसाठी गंभीरपणे घोकणे हा नाथांवरच अन्याय आहे. एखादा हौशी शिक्षक वर्गात चिमणरावाचे प्रकरण वाचून दाखवतो, पोरे बाके वाजवून हसतात, आणि शेजारच्या वर्गातून शांततेविषयी निरोप येतो. त्या शिक्षकाच्या पाठीशी मुख्याध्यापकाने उभे राहिले पाहिजे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि त्याच्या आधाराने खेडोपाडी हजारो ग्रंथालये उभी राहिली. तालुक्याच्या गावातील अशा ग्रंथालयात निवृत्त शिक्षक, कचेरीतून परतणारा लिपिक आणि स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी एकाच टेबलाशी बसलेले दिसतात. अनुदान तुटपुंजे असते, ते वेळेवर येत नाही, आणि ग्रंथपालाला मिळणारे मानधन सांगायला संकोच वाटावा इतके असते. तरीही कोणते पुस्तक फाटेपर्यंत वाचले गेले, याची जिवंत नोंद तेथेच सापडते. श्रद्धास्थानांच्या विकासासाठी कोट्यवधींच्या योजना जाहीर होत असताना या टेबलाकडे कोणा मंत्र्याचे लक्ष जात नाही, कारण तेही एक श्रद्धास्थान आहे ही कल्पनाच शासनाच्या कोणत्याही शीर्षकाखाली बसत नाही.

परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ २०१४ साली आला तेव्हा तो मुलांचा चित्रपट म्हणून पाहिला गेला. पंढरपुरातील विधवा आई, कर्जापायी गेलेले विणकामाचे यंत्र, घरखर्चासाठी विकण्याची पाळी आलेली, वडिलांच्या हातची एलिझाबेथ नावाची सायकल आणि ती वाचावी म्हणून एकादशीच्या गर्दीत आईच्या नकळत बांगड्या विकायला उभी राहिलेली पोरे, एवढेच त्याचे कथानक. गाव विठोबाचे आहे, दिवस एकादशीचा आहे, रस्ते वारकऱ्यांनी भरून वाहत आहेत. तरी कोणताही चमत्कार या पोरांच्या मदतीला धावून येत नाही. ती घासाघीस करतात, भांडतात, चुकतात, प्रेक्षकांना हसवतात आणि पुन्हा गिऱ्हाईक शोधू लागतात. असा चित्रपट शाळेच्या सभागृहात एका दुपारी दाखवायला फारसा खर्च येत नाही.